दोनशे अकरा दिवसांची आंघोळ

तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या दाराबाहेर, तपकिरी बुटांचा एक जोड. टाचांना ओला चिखल.

*

सकाळचे सहा. एक खोकला. दुसरा खोकला. तिसरा, जरा लांबवलेला. मग पुरुषाचा आवाज: “झालं का गं सुरू हे?”

*

ग्रंथालयाच्या एका कार्डावरची नोंद. पहिल्या आठवड्यात ‘विणकामाचे शंभर नमुने’. दुसऱ्या आठवड्यात ‘परीचा हरवलेला दात’. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विणकाम.

*

दोरीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट. दुसऱ्या दिवशी पांढरा. तिसऱ्या दिवशी निळा. दोन्हींच्या कॉलरी दुकानातून आणल्यासारख्या.

*

चौकीदाराची वही: आत. आत. आत. आत. रविवार, आत.

*

इमारत समितीच्या सभेचा वृत्तान्त, मुद्दा तिसरा: “तिसऱ्या मजल्यावरील साहेबांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. साहेब त्या वेळी आंघोळ करीत असल्याने त्यांनी हरकत घेतली नाही.”

*

समोरच्या दारातले निवृत्त मास्तर गेले काही महिने लंगडत चालतात.

*

मास्तरांचं लंगडणं सोडलं, तर या सगळ्याच्या मुळाशी एकच माणूस होता. इमारतीत त्यांना कुलूपराव म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर साहेब म्हणत. दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढायचं, सात पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढायचं, ही त्यांची अकरा वर्षांची रीत होती. नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नव्हतं.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कुलूपराव लिफ्ट तपासायचे. उंच इमारतींत जायचं, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहायचं आणि ज्या दोरावर रोज चारशे माणसं डोळे मिटून विश्वास टाकतात त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं, हे त्यांचं पोट भरण्याचं साधन. दिवसभर दोरावर संशय घेणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन दूधवाल्यावर विश्वास ठेवील, ही अपेक्षाच चुकीची.

परदेशातल्या एका कंपनीने त्यांना बोलावलं, तेव्हाही त्यांनी आधी ती कंपनी अस्तित्वात आहे की नाही हे तीन ठिकाणी विचारून घेतलं. कंपनी होती. तिथल्या इमारती साठ-साठ मजल्यांच्या होत्या आणि दोर तपासायला माणूस हवा होता. पहिले सात महिने एकट्याने राहायचं, काम पसंत पडलं की बायको-मुलीला न्यायचं, असं ठरलं. सगळं मनासारखं होतं. एकच गोष्ट कुलूपरावांच्या घशात अडकली: घरात पुरुष नाही, हे लोकांना कळणार.

मग त्यांनी एक तक्ता केला. वर शीर्षक, ‘घरात पुरुष आहे असे भासावे यासाठी सूचना’. खाली बारा कलमं. हा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवण्यात आला. बूट बाहेर ठेवावेत. शर्ट एकाआड एक वाळत घालावेत. ग्रंथपाल बाईंना सगळ्या गावाच्या चौकशा असतात, म्हणून कार्ड बंद पडू देऊ नये. चौकीदाराच्या वहीत रोज ‘आत’ लिहून घ्यावं. जुन्या मोबाईलवर त्यांचा खोकला ध्वनिमुद्रित करून तोच सकाळी सहाचा गजर म्हणून लावावा. (ध्वनिमुद्रण एका दमात झालं होतं. शेवटी त्यांनी बायकोला काय विचारलं तेही त्यात आलं होतं, पण स्वतःचा आवाज ऐकायला त्यांना संकोच वाटतो, त्यामुळे त्यांनी ते तपासलं नाही. आयुष्यात न तपासलेली ती बहुधा एकमेव गोष्ट.) कलम नववं असं होतं: अनोळखी माणसाने विचारल्यास ‘आहेत, आंघोळ करताहेत’ असं सांगावं. आणि बारावं, लाल शाईत: शेजाऱ्यांनाही कळू देऊ नये. विशेषतः समोरच्यांना.

“मी एकटी राहीन एक वेळ,” बायको तक्ता वाचून म्हणाली होती, “पण तुमच्या बुटांबरोबर राहायचं म्हणजे कठीण आहे.”

पण ती राहिली. नोकरी करून, मुलीचा अभ्यास घेऊन, रोज एक स्वच्छ शर्ट विनाकारण भिजवून ती दोनशे अकरा दिवस राहिली. करखात्याचं वर्ष संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूपराव परत आले, दोघींना घेऊन जायला.

दार उघडण्याआधी त्यांनी खाली वाकून बूट उचलले. टाचा झिजल्या होत्या. चिखल ओला होता.

“तक्त्यात चिखल नव्हता,” ते दारातच म्हणाले.

बायकोने आत या म्हटलं. मुलगी धावत आली, बिलगली, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून तिने तो उचलला. वडील समोर खुर्चीत बसलेले, बाही तिच्या मुठीत, आणि ती फोनमध्ये अगदी सहज म्हणाली, “बाबा ना? आंघोळ करताहेत.”

कुलूपरावांना काहीतरी लागलं. कुठे ते सांगता आलं नसतं. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं की यापुढे एक दिवससुद्धा या दोघींना सोडून जायचं नाही. मग ते बूट घेऊन खिडकीपाशी गेले आणि टाच मोजू लागले.

*

आता करखात्याकडे वळू.

नियम सोपा आहे, म्हणजे छापील स्वरूपात सोपा आहे. वर्षात एकशे ब्याऐंशीपेक्षा जास्त दिवस इथे राहिलात तर तुम्ही इथले. कमी राहिलात आणि बाहेर जाणार असाल, तर खातं तुम्हाला निवास संपल्याचा दाखला देतं. तो दाखला दाखवला की परदेशी वकिलात तुमच्या कुटुंबाला राहण्याचा परवाना देते. वकिलातीने चोवीस तारीख दिली होती. ती चुकली तर अर्ज रद्द, पुन्हा रांग, पुन्हा एक वर्ष. बायकोची दवाखान्यातली नोकरी सोडून झाली होती. मुलीचं नाव शाळेतून काढायला दिलं होतं. चोवीसला तीन आठवडे होते.

कुलूपरावांचा हिशेब चोख होता. एकशे चोपन्न दिवस इथे, दोनशे अकरा तिथे. त्यांनी तो आपल्या कर-सल्लागाराला दाखवला. सल्लागाराचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. फरशीतून सतत वाफ यायची आणि टेबलावरचे कागद आपोआप गोल व्हायचे. सल्लागाराने कागद सरळ करत विचारलं, विमानाचे पास आहेत ना? कुलूपराव म्हणाले, नाहीत. त्या पासावर ज्या काळ्या रेघा असतात त्यांत माणसाचा सगळा उभा-आडवा इतिहास असतो, असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून उतरल्या उतरल्या पासाचे बत्तीस तुकडे करून ते चार वेगवेगळ्या डब्यांत टाकले होते. पासपोर्टवर शिक्का? विमानतळावर आता यंत्राची फाटकं आहेत, शिक्के बंद झाले. शिवाय पासपोर्ट वकिलातीत. परदेशी कंपनीचं पत्र? कंपनी म्हणते, आधी तुमच्याकडचा दाखला आणा, मग पत्र.

सल्लागाराने पुन्हा गोल झालेले कागद सरळ केले. मग म्हणाला, “साहेब, माणूस होता हे सिद्ध करायला कागद लागतो. नव्हता हे सिद्ध करायला नशीब लागतं. पण बघू, खातं सहसा अडवत नाही.”

हा माणूस मला इतक्या पटकन धीर का देतोय, असा प्रश्न कुलूपरावांना जिना उतरताना पडला.

करखात्यात चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज गोड, आणि समोरच्या माणसाचं प्रत्येक वाक्य ऐकून झाल्यावर त्या अर्धा क्षण थांबायच्या. कुलूपरावांना हा थांबा फार ओळखीचा वाटला. लिफ्ट खाली येताना दोर कुरकुरला की ते स्वतः असेच थांबत.

“तुम्ही इथे नव्हता म्हणता,” बाई म्हणाल्या. “पण आमच्याकडे तुम्ही आहात.”

त्यांनी संगणकाचा पडदा थोडा वळवला. एकतीस पुस्तकं कुलूपरावांच्या कार्डावर नेली आणि आणली गेली होती. बाईंनी नावं वाचली. शेजारच्या तीन नंबरवाल्याने मान वर केली.

“विणकाम करता?”

कुलूपरावांपुढे दोन रस्ते होते. हो म्हणावं तर ते इथे होते. नाही म्हणावं तर त्यांच्या कार्डावर दुसऱ्याने पुस्तकं नेली, म्हणजे नियमभंग. त्यांनी मधला रस्ता काढला आणि म्हणाले, “शिकतोय.”

पुढची नोंद मात्र पुस्तकांची नव्हती. इमारत समितीचा अध्यक्ष हा त्या इमारतीत प्रत्यक्ष राहणाराच असला पाहिजे, असा कायदा आहे, आणि तसं लिहून दिलेला, समितीचा शिक्का असलेला अर्ज खात्यापर्यंत पोचला होता. अध्यक्ष कोण, तर कुलूपराव. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, हो, झालंत खरे. सभेतून विचारायला आले होते, मी म्हटलं आंघोळ करताहेत, ते म्हणाले मग हरकत नाही असं धरतो.

“कुणी सुचवलं नाव?”

“मास्तरांनी.”

कुलूपराव जिन्याकडच्या खिडकीतून समोरच्या दाराकडे पाहत राहिले. मास्तर भाजी घेऊन जिना चढत होते, लंगडत. या लंगडण्यामागे काहीतरी आहे, असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

*

खात्याने पडताळणी लावली. म्हणजे खात्याचा माणूस पत्त्यावर येऊन शेजारपाजाऱ्यांना विचारणार. दिवस आधी सांगत नाहीत, कारण सांगितला तर लोक तयारी करतात. तयारी इथे सात महिने आधीच झालेली होती, हे खात्याला कुठून माहीत असणार.

पडताळणीवाला आला तेव्हा कुलूपराव आणि बायको मुलीच्या शाळेत दाखला आणायला गेले होते. साधा शर्ट, काखेत पिशवी, हातात छोटी वही, असा तो माणूस फाटकापाशी उभा राहिला. आधी त्याने इमारतीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मग चौकीदाराला विचारलं, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्या वर्षी घरी असायचे का? किती दिवस नसायचे? नसले की घरात कोण असतं?

चोर याहून वेगळं काय विचारतो?

त्याचा अहवाल चार दिवसांनी खिडकीत वाचायला मिळाला. कुलूपरावांनी तो उभ्यानेच वाचला, आणि मग भिंतीशी बाक होतं त्यावर बसून पुन्हा वाचला.

“चौकीदाराने नोंदवही दाखविली. सदर गृहस्थ वर्षभर ‘आत’ असल्याचे दिसून येते. तळमजल्यावरील वयस्क महिला (स्वतःस सर्वांची मावशी म्हणवितात) यांनी सांगितले की गृहस्थांचा खोकला त्या रोज सकाळी सहा वाजता ऐकत असत व तो अत्यंत नियमित आहे. समोर राहणारे निवृत्त शिक्षक यांनी दर रविवारी आपण गृहस्थांबरोबर बुद्धिबळ खेळत असून गृहस्थ नेहमी हरतात असे सांगितले. सर्व साक्षीदारांच्या म्हणण्याप्रमाणे गृहस्थ वारंवार आंघोळ करतात. निष्कर्ष: निवास अखंड.”

“मी बुद्धिबळ खेळत नाही,” कुलूपराव बायकोला म्हणाले.

“एवढंच खटकलं तुम्हाला?”

“आणि हरत तर मुळीच नाही.”

चोवीस तारखेला सहा दिवस उरले होते. कुलूपरावांच्या डोक्यात सगळे दोर जुळले. हा कट होता. आधी अध्यक्ष केलं, म्हणजे पाय अडकले. मग साक्ष दिली, म्हणजे दार बंद झालं. ह्यांना आपलं परदेशी जाणं बघवत नाही. सरळ आहे. आपण साठ मजली इमारतीत काम करणार आणि हे चार मजल्यांतच राहणार.

संध्याकाळी त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना बोलावलं. अध्यक्ष म्हणून त्यांचा तो पहिला आणि शेवटचा आदेश. मावशी गुडघा धरत वर आल्या. चौकीदारमामा वही घेऊन आले. मास्तर दारातच उभे राहिले, एका पायावर भार देऊन.

कुलूपरावांनी अहवाल वाचून दाखवला. ते काय काय बोलले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. अस्तनी, निखारा, पाठ, खंजीर हे शब्द येऊन गेले. शेवटी त्यांनी विचारलं की, मी इथे होतो असं तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून बोललात?

मग मावशी म्हणाल्या, “अहो, तुमच्याच.”

“मी तुम्हाला कधी काही सांगितलं नाही.”

“नाही कसं? रोज सकाळी सहाला सांगत होता. तीनदा खोकायचं आणि मग विचारायचं, झालं का गं सुरू हे. दोनशे दिवस तेच. माझा नातू आता खोकला की तसंच म्हणतो.”

कुलूपरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको कठड्यावरच्या रंगाची पोपडी नखाने काढत होती.

“म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?”

“गेलात त्याच दिवशी,” चौकीदारमामा म्हणाले. “पहाटे पेटी घेऊन चोरपावलांनी निघालात. फाटक कोणी उघडलं मग? म्हटलं, साहेबांना वाटतंय कोणाला कळू नये, तर नाही कळलं. वहीत मी ‘आत’ लिहीत गेलो.”

“मग बोलला का नाही कुणी?”

मास्तर पहिल्यांदाच बोलले. “बोलून काय करायचं होतं? वहिनी एकट्या, पदरात लेक. त्यांना वाटत होतं, आम्हाला कळलेलं नाही म्हणून त्या सुरक्षित आहेत. वाटू दिलं.” त्यांनी पायावरचा भार बदलला. “तो पिशवीवाला आला, तर आम्हाला वाटलं, आला हा शेवटी. सात महिने ज्याची वाट बघत होतो तो.”

“बुद्धिबळ कशाला घातलंत मध्ये?”

“जरा भक्कम व्हावं म्हणून.”

*

दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खिडकीपुढे सगळी इमारत. मावशींसाठी बाक रिकामं करण्यात आलं. एकेकाने सांगितलं की, साहेब इथे नव्हते. आधी सांगितलं ते खोटं, आता सांगतो ते खरं.

बाई अर्धा क्षण थांबल्या. “आधी सगळे म्हणालात, होते. आता सगळे म्हणता, नव्हते. आणि दोन्ही वेळा तितक्याच मनापासून. मी कुठलं धरू?”

कुलूपरावांना त्या क्षणी बाईंचा राग येण्याऐवजी आदर वाटला, हे नमूद केलं पाहिजे. त्या जागी ते असते तर त्यांनीही दाखला दिला नसता. उलट या लोकांच्या मागे आणखी एक माणूस लावला असता.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “बूट कुणीही ठेवतं. शर्ट कुणीही वाळत घालतं. खोकलासुद्धा लावता येतो, आता कळलं मला. असं काही आहे का, की जे तुम्ही घरी असलात की रोज होतंच, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही?”

कुलूपराव विचार करू लागले. नवऱ्याची, बापाची, शेजाऱ्याची म्हणून रोज होणारी अशी कुठली गोष्ट? मनातल्या मनात त्यांनी यादी केली आणि ती फार लवकर संपली.

“तक्रार,” बायको हळूच म्हणाली.

“काय?”

“तक्रारवही. इमारतीची. अहो, ती दुसरं कोण लिहितं?”

मावशींनी कपाळावर हात मारला. चौकीदारमामा वही आणायला निघालेसुद्धा. बस मिळाली नाही तर चालत येतो म्हणाले.

ही वही फाटकापाशी खिळ्याला टांगलेली असते. बांधीव, पानांना छापील आकडे, समितीचा शिक्का. रोज सकाळी मामा एका पानावर तारीख घालतात आणि खाली रेघ ओढतात. ज्याला तक्रार असेल त्याने लिहावी. अकरा वर्षांत अशा जितक्या वह्या भरल्या त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पानावर एकच अक्षर होतं: बारीक, सरळ, डावीकडे किंचित संशयाने झुकलेलं.

बाईंनी चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं. “जिन्यातील दिवा बटण दाबल्यावर एक सेकंद उशिरा लागतो.” “समोरच्या दाराची कडी आज नेहमीपेक्षा हळू वाजली. कारण कळावे.” “तळमजल्यावरील मांजर मी जाताना पाहते व येतानाही पाहते.” “जिन्यातील दिवा पुन्हा.” “कालच्या तक्रारीवर कोणीतरी हसल्याचे कळते.”

तीन नंबरवाला उठून मागे येऊन उभा राहिला. पाच नंबरची मुलगीही आली. बाईंनी मध्येच विचारलं, इथे दोन दिवस सलग कोरे आहेत, ते का? कुलूपराव म्हणाले, दाढ काढली होती. बाईंनी पान उलटलं. तिसऱ्या दिवशी दंतवैद्याविरुद्ध तक्रार होती. अकरा वर्षांतला सर्वांत मोठा खंड, दोन दिवस.

मग ती तारीख आली. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचं कोरं. तारीख, रेघ, कोरं. बाई एकेक पान बोट ओलं करून उलटत होत्या आणि खिडकीभोवती जमलेली माणसं पानं मोजत होती. कुलूपरावांनी आपल्या नसण्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं. फार स्वच्छ दिसत होतं ते.

एकशे एकोणीस पानांनंतर एक ओळ सापडली, वेगळ्या, गोल, फळ्यावरच्या अक्षरात. “आज सकाळी सहा वाजता खोकला झाला नाही. वहिनींनी मोबाईल चार्ज करावा, ही विनंती.”

“ही मीच केलेली,” मास्तर मागून म्हणाले. “वहिनी वही वाचत नाहीत, माहीत होतं. पण लिहिल्याशिवाय राहवेना.”

पुन्हा कोरी पानं. आणि मग, कुलूपराव विमानातून उतरले त्या तारखेला, तेच बारीक झुकलेलं अक्षर: “माझ्या बुटांच्या टाचा झिजल्या आहेत व त्यांस चिखल आहे. मी हे केलेले नाही.”

बाईंनी वही मिटली. “एक विचारते. या सात महिन्यांत जिन्यातला दिवा दुरुस्त झाला होता का?”

“नाही हो,” कुलूपराव न राहवून म्हणाले. “अजून उशिराच लागतो. अध्यक्ष कोण होता कुणास ठाऊक.”

“तुम्ही होता.”

“हो,” कुलूपराव म्हणाले.

“म्हणजे तुम्ही असता तर लिहिलं असतं.”

“आठवड्यातून दोनदा.”

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आणि कुलूपरावांना ते उलटं वाचावं लागलं: “अर्जदाराचा स्वभाव पाहता, अर्जदार प्रस्तुत ठिकाणी उपस्थित असता तर ही पाने कोरी राहणे अशक्य होते.” खाली शिक्का. त्या काळात इमारतीत शांतता होती, अशा एका पुरवणी निवेदनावर सर्व शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. त्या इतक्या लगबगीने झाल्या की पेनासाठी थोडी ढकलाढकलही झाली. मावशींनी चुकून दोनदा सही केली.

दाखला हातात घेऊन कुलूपरावांनी तो उजेडात धरून बघितला. मग सगळ्यांचे आभार मानावेत असं त्यांना वाटलं, पण इतक्या सह्या करणाऱ्या लोकांचे आभार नेमके कशासाठी मानायचे हे ठरेना. ते मावशींसाठी रिक्षा बघायला गेले.

*

चोवीसला परवाना मिळाला. तिघांचे फोटो एकाच पानावर. वकिलातीतल्या माणसाने काही न विचारताच मुलीने त्याला सांगितलं की, बाबा इथेच आहेत, हे काय.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने कपाटाच्या दारावरचा तक्ता काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंग निघाला. आता घरात तर कोणीच राहणार नाही, तेव्हा चोवीस कलमांचा नवा तक्ता करावा, असं कुलूपरावांच्या मनात आलं होतं. त्यांनी कागदही घेतला होता. पण तो कुणाला देणार? थोडा वेळ कागदाकडे बघून त्यांनी तो ठेवून दिला.

सकाळी पेट्या खाली गेल्या. कुलूपरावांनी दाराला कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. सात पायऱ्या उतरून ते थांबले. परत वर आले, चौथ्यांदा कुलूप ओढलं आणि मास्तरांकडे न बघता खाली गेले. बूट त्यांनी दाराबाहेरच ठेवले होते.

फाटकापाशी टॅक्सी उभी होती. बायको आणि मुलगी बसल्या होत्या. कुलूपरावांनी खिळ्यावरची वही काढली, मामांकडून पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या रेघेखाली लिहिलं: “बुटांना रोज चिखल कोण लावत होते, याचा तपास माझ्या गैरहजेरीत व्हावा. जिन्यातील दिवा पुन्हा.”

*

मागच्या वर्षी दोनशे अकरा दिवस, रोज सकाळी सव्वासहाला, मास्तर ते बूट पायांत घालून जिना उतरत, मागच्या अंगणातल्या नळापाशी दोन फेऱ्या मारत, आणि वर येऊन ते होते तिथे, होते तसे ठेवत. बूट त्यांना एका नंबरने लहान होते.